मांजरडोळी इम्पाला
परवा एका लग्नात नवरदेवासाठी जुनी मोटार आणली होती. तिच्या तापलेल्या रेक्झिनचा आणि पेट्रोलचा वास आला आणि मी थेट जानेफळच्या पारावर जाऊन बसलो. तेव्हा मी तिथे नवा मास्तर होतो. जास्तीची जमीन सरकार घेणार म्हणून लोकांनी शेतं साळ्या-जावयांच्या नावावर केली होती आणि मोटार दिसली की चौकशीचा साहेब आला समजून सगळे तोंड मिटून घेत. त्या दुपारी पारासमोर एक लांबलचक, फिकट निळी मोटार थांबली. "सायबाची असन," कुणीतरी पुटपुटलं. मला राहवलं नाही. "इम्पाला आहे, एकोणसाठची. मागचे दिवे पाहा, मांजरीच्या डोळ्यांसारखे. साठच्या गाडीला गोल असतात." नागपूरला शिकताना मासिकांतली चित्रं पाहून मला हे पाठ झालं होतं. पारावरचे डोळे मोटारीवरून माझ्यावर आले. ज्यांच्या घरून मला जेवणाचा डबा यायचा, ते पाटील हळूच म्हणाले, "मास्तर, तुमाले बरी ठाऊक सायबाची गाडी! तुमीच बलावली का काय?" मी काही बोलणार तोच गाडीतल्या बाईंनी काच खाली करून शेगावचा रस्ता विचारला. कुणी बोलेना, म्हणून तोही मीच सांगितला. गाडी गेली, धूळ बसली, आणि दुसऱ्या दिवशी डबा आला नाही. परवाच्या लग्नातही शेजारच्यानं विचारलं, "कोणती गाडी हो ही?" मागचे दिवे मी आधीच पाहून ठेवले होते. "काय माहीत बाप्पा," म्हणालो आणि गुपचूप पंगतीत जाऊन बसलो.