स्वच्छ हौद

क्लेमंट लार्टरला घाणीची किळस होती, आणि ती साधीसुधी नव्हती. दुसऱ्या महायुद्धापूर्वी इंग्लंडात, आमच्या नॉरफोक परगण्यातल्या एका डेअरीत तो दुधाचे कॅन धुवायचा. धुतलेल्या कॅनमध्ये डोकं घालून हुंगल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नसे. बायको म्हणायची, "माझ्या हातचा चहासुद्धा हुंगून पितो मेला." असल्या माणसाला, चाळिशी उलटल्यावर, हवाई दलानं नेऊन कुठं बसवावं? बॉम्बर विमानांच्या तळावर, आग विझवणाऱ्या तुकडीत, आणि काम काय, तर हौद सांभाळायचा.

तळावर असे तीन हौद होते. गावाकडून येणारा नळ करंगळीएवढा, विमान पेटलं तर त्या धारेनं काय होणार? म्हणून विटांचे गोल हौद बांधून पाणी साठवलेलं असे. आग लागली की पंपाची गाडी न्यायची, जाड पाइप हौदात सोडायचा आणि पाणी ओढायचं. पाइपाच्या तोंडाला जाळी असते. तीत चिंधी अडकली की पंप नुसता घरघरतो आणि समोर माणसं जळत राहतात. एवढी साधी गोष्ट, पण तळावर कुणालाही ती समजून घ्यायची नव्हती.

वर्कशॉपजवळचा हौद सगळ्यांत मोठा, म्हणून सगळ्यांत घाण. भटारखान्यातले लोक चरबीची भांडी तिथंच विसळत. बिअरच्या बाटल्या, फाटके मोजे, गावातून ढापून आणलेल्या सायकली, सगळं त्यात जाई. ठरलेल्या मोहिमा संपवून जिवंत परतलेल्या वैमानिकांना उचलून त्यात बुचकळायची तर रीतच पडली होती. जिवंत आले याचा आनंद कुणाला नव्हता? पण चिखलाच्या बुटांसकट? आणि रात्री पिऊन परतणारे त्या भिंतीपाशी उभे राहून काय करत, ते लिहायचीही शिसारी येते. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवी साय धरायची. क्लेमंट लांब दांड्याच्या झाऱ्यानं ती ओढून काढायचा आणि झाडामागं जाऊन ओकायचा.

या सगळ्यांत वात्रट होता सिड हेब्डन, यॉर्कशरचा एक तरणा मेकॅनिक.

"काय आजोबा, आज सूप कसलं केलंय?"

"तुझ्या खानदानाचं. ते सिगारेटचं थोटूक आत टाकलंस तर हात मोडून ठेवीन."

"अहो, बेडकांना तलफ येते हो!" असं म्हणत त्यानं थोटूक टाकलंच.

क्लेमंटनं तळाच्या मोठ्या साहेबांकडे तीनदा गाऱ्हाणं नेलं. पालथ्या घड्यावर पाणी! "पोरं रोज जीव मुठीत घेऊन उडतात, लार्टर. थोडी मजा करू देत की," एवढं बोलून साहेब ओढायच्या पाइपात तंबाखू भरायला लागायचे.

मग मार्चमध्ये टायरांचं गोदाम पेटलं. पंप आला, पाइप सोडला, पाणी जरा वेळ उडालं आणि बंद पडलं. तुकडीचा कॉर्पोरल डगडेल यानं शिव्या घालत पाइप वर ओढला, तर जाळीत कुणाचा तरी लोकरी बनियन. गोदाम बसलं जळून. माणूस कुणी मेला नाही, त्यामुळे संध्याकाळी बारमध्ये तो बनियन कुणाचा यावर पैजा लागल्या. क्लेमंट अर्धा ग्लास तसाच टाकून उठला. या हरामखोरांसाठी आपण घाण उपसतो!

वरून टायरांची विचारणा झाली तशी साहेबांना जाग आली. माणसांचं कुणी विचारत नव्हतं, टायरांचं विचारलं! क्लेमंटला हवं ते मिळालं. हौदाच्या भिंतीवरच खांब ठोकून पुरुषभर उंच काटेरी तार, एक फाटक आणि त्याला कुलूप. एक किल्ली पंपाच्या गाडीवर, दुसरी क्लेमंटच्या गळ्यात. त्यानं हौद रिकामा केला, सोडा टाकून घासला आणि पुन्हा भरला. त्या दिवशी त्यानं चहा न हुंगता प्यायला, आणि डगडेल ते सगळ्यांना सांगत सुटला.

मे महिन्यात एका दुपारी सिड वर्कशॉपमागं इंजिनाचे भाग पेट्रोलनं धूत होता. बंदी होती, पण सगळेच तसं करत. ठिणगी कुठून पडली ते कुणाला कळलं नाही. पाठ पेटलेला माणूस कुठं धावतो? पाण्याकडे. सिड हौदाकडे धावला आणि भिंतीवर चढला. तार ओलांडायला गेला, तर कपडे काट्यांत अडकले आणि तो तिथंच वर लटकला.

क्लेमंटनं ते लांबून पाहिलं आणि किंचाळत धावला. घाईत गळ्यातली किल्ली कुलपात जाईना. शेवटी ती टाकून तो भिंतीवर चढला आणि नुसत्या हातांनी सिडला काट्यांतून ओरबाडून काढलं. दोघं आत कोसळले. पाण्यावर जळक्या कापडाचा आणि मांसाचा वास पसरला.

सिड वाचला. चौकशी झाली ती चहा पिता पिता.

"पेट्रोल वापरलं, चूक हेब्डनची," साहेब म्हणाले. "तुमच्या कुंपणात काही खोट नाही. उलट, डॉक्टर म्हणतात, पाणी स्वच्छ होतं म्हणून जखमा चिघळल्या नाहीत. उरलेल्या दोन्ही हौदांनाही तार घाला, लार्टर. शाबास!"

आणि त्यांनी सिगारेटची डबी पुढं केली. क्लेमंटला आयुष्यात घाणीनं कधी आली नसेल अशी ओकारी त्या शाबासकीनं आली. साहेबांची किळस आली, त्याहून स्वतःची. कुणी एक शिवी तरी घातली असती!

ती शिवी खायला तो इस्पितळात गेला. सिड पालथा पडला होता. पाठ, हात, सगळं पांढऱ्या पट्ट्यांत.

"या, आजोबा."

"सिड, पोरा, ती तार…"

"तळ दिसत होता हो," सिड हळूच म्हणाला. "वर लटकलो होतो ना, तेव्हा. खाली एकेक वीट दिसत होती. काय स्वच्छ ठेवलं होतंत पाणी!"

क्लेमंटनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. पोरगा थट्टा करत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डगडेल वर्कशॉपकडे आला तर क्लेमंट हौदाच्या भिंतीवर उभा, हातांना पट्ट्या आणि पट्ट्यांत तार कापायची पकड. अर्धी तार खाली लोंबत होती.

"लार्टर, डोकं फिरलं काय तुझं? साहेबांचा हुकूम उलटा आहे! कोठडीत बसवतील!"

"बसवू देत."

"आणि ही डुकरं? उद्याच पुन्हा घाण टाकतील बघ, त्यात बुचकळ्या मारतील, मुततील…"

"टाकतील," क्लेमंट म्हणाला. "मी काढीन." आणि त्यानं पुढची तार पकडीत धरली.