शून्य आकड्यांचा संदेश

परीक्षा लांबल्या होत्या, त्यामुळे माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा ऐन पावसाळ्यात आली. मी चंद्रपूरला खोली करून राहत होतो. आमचं गाव भामरागडच्याही पुढे, नाल्यापलीकडे. घरी बाबा आजारी होते. पूर यायच्या आधी माय त्यांना दवाखान्यातून घरी घेऊन गेली होती.

आमच्याकडे फोनवर आवाज तुटतो, पण रिंग जाते. म्हणून माय रोज संध्याकाळी शाळेजवळच्या टेकाडावर जाऊन मला एक मिस्ड कॉल द्यायची. सगळं बरं आहे, एवढाच त्याचा अर्थ. आठवडाभर तो आला नव्हता. मी लावला की फोन बंद लागायचा. रस्ता बंद, वीज नाही, टॉवर पडला असेल, असं मी धरून चाललो होतो.

परीक्षेच्या सकाळी माझा वडसाचा रूममेट म्हणाला, "काऊन बे, फोनले काय पाहून राह्यला? असा चेहरा घेऊन गेला तं सर मार्क नाई देतीन, चंदा देतीन." मला हसू आलं नाही. वाईटही वाटलं नाही. त्याने इस्त्री करून दिलेला शर्ट घालून मी निघालो.

प्रोजेक्ट पावसाच्या नोंदींचा होता. नोंदी बऱ्याच, म्हणून त्या संगणकावर एकाच वेळी चालणाऱ्या चार प्रोसेसमध्ये वाटलेल्या. प्रत्येकीने आपल्या वाट्यातले अतिवृष्टीचे आकडे शोधून मुख्य प्रोसेसला संदेशातून पाठवायचे. किती येतील हे मुख्य प्रोसेसला आधी माहीत नसतं. ती शंभर आकड्यांची जागा मोकळी ठेवते आणि संदेश आला की त्यात प्रत्यक्ष किती आले ते विचारते. सुरुवातीला मी ते विचारतच नव्हतो. आले सदतीस तरी शंभर मोजायचो, आणि उरलेल्या जागेत मागच्या वेळचे आकडे पडलेले असायचे. बेरीज चुकायची. आमच्या सरांनी ते दाखवून दिलं. सुट्टीच्या दिवशीही ते माझ्यासाठी लॅब उघडून द्यायचे. आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेज पाहिलेलं नाही, सर नसते तर मीही अर्ध्यातून परतलो असतो.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कोड पाहिला. "एखाद्या वाट्यात अतिवृष्टी नसेलच तर?"

"तरी ती प्रोसेस संदेश पाठवते सर. त्यात शून्य आकडे असतात."

"काहीच नाही तर पाठवायचं कशाला?"

"नाही पाठवला तर मुख्य प्रोसेस वाट पाहत थांबून राहते. रिकामा आला तरी कुणाकडून आला ते कळतं."

"आणि आलाच नाही, तर का आला नाही हे कळतं?"

"नाही सर."

त्यांनी मान हलवली. काही लिहिलं. सर माझ्याकडे बघून हसले. छान झालं हे मला समजत होतं, पण आत काही हलत नव्हतं.

मी व्हरांड्यात आलो आणि थोड्या वेळाने फोन वाजला. माय. रिंग थांबली नाही, म्हणून मी उचलला.

"झाली का परीक्षा, बाबू?"

"झाली."

"पास होशीन ना?"

"हो."

"तुहे बाबा गेले. पाणी चढलं त्याच दिवशी. माती देली."

पलीकडे पाऊस पडत असावा, आवाज तसा येत होता. मी विचारलं, "रेंज नव्हती का?"

"होती. रिंग देली असती तं तू समजला असता का सारं बरं हाये. अन् सांगितलं असतं तं परीक्षा टाकून निंगाला असता, नाल्याच्या अलीकडेच अडकला असता. म्हणून फोनच बंद ठेवला. टेकाडावर जाऊन नुसती बसत होती."

"बरं केलं," मी म्हणालो. आवाज तुटला.

आत एक सही राहिली होती, ती केली. सर म्हणाले, "आता पेढे." मी हो म्हणालो. त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही.

स्टँडवर चौकशीच्या खिडकीत सांगितलं, गाडी आलापल्लीपर्यंतच आहे, पुढचं पाणी उतरल्यावर. मी आलापल्लीचं तिकीट काढलं.