न विचारता झाकलेला तलाव

चंदीगडला आल्यावर तिसऱ्या वर्षी मी एका कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला गेले. खाली घरमालकीण एकट्याच राहायच्या. वय पंचाहत्तरच्या आसपास, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा कॅनडात. मी त्यांना आंटीजी म्हणायचे. मागच्या अंगणात त्यांच्या नवऱ्याने हौसेने बांधून घेतलेला लहानसा स्विमिंग पूल होता. एप्रिल लागला की रोज सकाळी सहाला त्या पाण्यात उतरायच्या आणि लांबीच्या दहा फेऱ्या मारूनच बाहेर यायच्या. आमच्या कराडला दोन नद्या, पण मला पोहता येत नाही. वरच्या खिडकीत चहाचा कप घेऊन त्यांना पाहताना मला हेवा वाटायचा.

एका वर्षी नोव्हेंबर लागला तरी त्या उतरतच होत्या. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास एक माणूस येऊन हिवाळ्यासाठी तलाव बंद करून जायचा. तो काम सोडून दुबईला गेला होता. त्यात आंटीजी न्हाणीघरात घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरांनी गार पाण्यात जायला मनाई केली. त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं आणि चार दिवसांनी पुन्हा पाण्यात.

मग त्यांच्या मुलाचा मला फोन आला. मी सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत निघाले होते, हेल्मेट हातात होतं.

"दीदी, मम्मी मेरी सुनती नहीं. शनिवार को वो शादी के लिए लुधियाना जा रही है, सोमवार को लौटेगी. तब तक आप पूल बंद कर दोगे? आप तो इंजिनियर हो."

"उनको बताया है?"

"बताऊँगा तो जाएगी ही नहीं."

मी हो म्हटलं. काळजी वाटत होती हे खरं, पण इतक्या लांबून कुणी आपल्यावर भरवसा टाकतंय याचंही बरं वाटलं असणार.

शनिवारी सकाळी त्यांची गाडी गेली आणि मी फोनवर व्हिडिओ लावून कामाला लागले. पाणी उपसायचं नसतं, हे मला तेव्हाच कळलं. पाणी तसंच ठेवून ते स्वच्छ करायचं, शेवाळ धरू नये म्हणून औषध टाकायचं आणि वर झाकण घालायचं. आधी जाळीने पानं काढली. मग लांब दांड्याच्या ब्रशने भिंती घासल्या. फिल्टर धुवायला घेतला तर पंपाने हवा धरली आणि तासभर त्यातच गेला. खांदे भरून आले. रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला की मी ब्रश टाकून फाटकाकडे बघायचे. आंटीजी सोमवारी येणार हे माहीत असूनही बघायचे. चोरी करत असल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी क्लोरीन ओतलं. त्या वासाने डोळे चुरचुरले. रविवारी पाण्यात उतरायची शिडी काढायला बसले. शिडीचे बोल्ट गंजले होते, एकेक सोडवताना मला माझी आई आठवली. तिने गॅलरीतल्या स्टुलावर चढायचं नाही, एकटीने बाजारात जायचं नाही, हे मी आणि माझा भाऊ फोनवर असंच परस्पर ठरवून टाकतो. ठरलं की तिला कळवतो. पाना हातात धरून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले. मग उरलेले दोन बोल्टही काढले.

ताडपत्री पसरून तीन बाजू बांधून झाल्या होत्या. ती उडू नये म्हणून पाण्याने भरलेले कॅन मी कडेने लावत होते, तेवढ्यात फाटक वाजलं. आंटीजी एक दिवस आधीच परत आल्या होत्या. अंगावर लग्नातला रेशमी सूट, खांद्यावर शाल.

"ये क्या है?"

"पत्ते बहुत गिर रहे थे, आंटीजी, तो मैंने सोचा..." मी म्हटलं.

त्यांनी भिंतीला टेकवलेली शिडी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"फोन आया था ना?"

"जी."

त्यांनी मान हलवली. ड्रायव्हरला मिठाईचे डबे आत ठेवायला सांगितलं आणि आत गेल्या. चौथी बाजू मी तशीच घाईघाईने बांधली आणि वर आले.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. जिन्यात भेटल्या की "ठीक हो?" एवढं विचारायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. प्रयोगशाळेत मी एकच रीडिंग तीनतीनदा घेत होते, तरी विश्वास बसत नव्हता. रात्री डोळा लागायचा नाही. सकाळी सहाला आपोआप जाग यायची आणि खाली काहीच नसायचं. गुरुवारी प्रयोगशाळेतून आल्यावर मी थेट त्यांच्याकडे गेले. त्या मटार सोलत होत्या.

"आंटीजी, गलती हो गई. मुझे आपसे पूछना चाहिए था."

 दोनचार शेंगा सोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मैं पागल नहीं हूँ, पुत्तर. गिरने के बाद मैं ही सबसे ज़्यादा डरी थी. सोच रखा था, शादी से लौटकर इस साल एक आख़री बार उतरूँगी, फिर तुझे ही बुलाऊँगी बंद करने को. इसीलिए एक दिन पहले आ गई."

 "मी आत्ता ताडपत्री काढते, चार दिवसांत पाणी वापरता येईल," असं काहीतरी मी मराठी-हिंदीच्या खिचडीत बोलले.

"अब तो ठंड हो गई," त्या म्हणाल्या आणि मटारची अर्धी परात माझ्याकडे सरकवली. आम्ही दोघी बराच वेळ सोलत बसलो.

त्यांच्या मुलाला मी फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मुझसे तो कुछ नहीं बोलीं."

मार्चअखेरीस आंटीजींनीच खालून हाक मारून माझी सुट्टी विचारली. आम्ही दोघींनी ताडपत्री काढली. पाणी हिरवट झालं होतं, ते निवळायला आठवडा गेला. मग एका सकाळी त्या उतरल्या. मी काठावर टॉवेल घेऊन उभी. त्यांनी तलावाच्या रुंदीची एक फेरी मारली आणि काठ धरून थांबल्या. खांदा उचलत नाही म्हणाल्या. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा रुंदीचीच.

वयाने व्हायचं तेच झालं, की मी ते पाणी न विचारता झाकलं तेव्हा त्यांच्यातलं काही आखडून गेलं, हे मला आजही ठरवता येत नाही. त्या आता रोज उतरतात, रुंदीच्या तीन-चार फेऱ्या मारतात. एकदा त्यांनाच हे विचारून टाकावं असं वाटतं. मी जिना उतरते, त्या हसून बाजूची खुर्ची दाखवतात, आणि मी लाइटबिलाबद्दल काहीतरी बोलून परत येते.