आमच्याच घरातलं गिऱ्हाईक

संत तुकाराम नगरमधलं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. सासूबाईंचे गुडघे जिना चढताना कुरकुरायला लागले, तेव्हा आम्ही मोशीला लिफ्टवाल्या इमारतीत फ्लॅट बुक केला आणि हे घर विकायला काढलं. सासूबाईंना ते पसंत नव्हतं. "गुडघं माझं, आन् घर इकताय तुमी," एवढंच बोलून त्या गप्प बसल्या. त्यांचं गप्प बसणं ही चांगली खूण नसते, हे वीस वर्षांच्या संसारात मला कळलेलं होतं.

घर दाखवायला एक तरुण एजंट ठरवला. त्याने खोल्या फिरून पाहिल्या, फोटो काढले आणि सोफ्याच्या कडेला बसून म्हणाला, "वहिनी, घर छान आहे. एकच अडचण आहे. तुम्ही इथं राहता हे दिसतं."

"राहतोच ना," मी म्हटलं.

"राहा की. फक्त दिसू नका."

मग त्याने मोबाइलवर कुठले कुठले व्हिडिओ दाखवले. पलंगावर पांढरी चादर हवी. ओट्यावर काहीही नको, फक्त काचेच्या बाऊलमध्ये लिंबं. गॅलरीत वाळत घातलेले कपडे नकोत, दाराशी चपला नकोत आणि रविवारी सुकट तर अजिबात नको. सगळं ऐकून घेतल्यावर त्याची नजर भिंतीवर गेली. तिथे निळ्या कोटातला फोटो होता आणि त्याखाली फळीवर बुद्धाची मूर्ती. तो आवाज उतरवून म्हणाला, "हे पण जरा आत ठेवलं तर? मला स्वतःला काही नाही. पण गिऱ्हाईक कुठलं येईल सांगता येत नाही."

मला राग आला. तो इतक्या अदबीने बोलला होता म्हणून जास्तच आला. सासरे पिंपरीतल्या कंपनीत हेल्पर म्हणून लागले होते. माझ्या नवऱ्याला त्यांनी ह्याच फोटोखाली अभ्यासाला बसवलं होतं. मी काही बोलणार तेवढ्यात सासूबाईंनी पाय सोडून बसल्या बसल्या निकाल दिला. "फोटू उतरवायचा आसंल तर आदी मला उतरवा. दोन जिनं खाली उचलून न्या आन् मग फोटूला हात लावा."

एजंटने त्यांच्या देहाकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

त्यानंतर आमचे रविवार विचित्र झाले. नवऱ्याच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी आणि गिऱ्हाइकांना सुट्टी रविवारी. त्यात त्याची महाळुंग्याला थर्ड शिफ्ट असली की तो सकाळी झोपायला घरी यायचा, आणि पांढऱ्या चादरीवर झोपलेला माणूस एजंटच्या व्हिडिओत कुठेच नव्हता. मग तो उशी घेऊन पार्किंगमधल्या आमच्या गाडीत जाऊन झोपायचा. वॉचमन काही दिवस माझ्याकडे फार सहानुभूतीने बघत होता.

मी घरभर सामान दडवत असे. चपला दिवाणात, तवा ओव्हनमध्ये. बाऊलमधली लिंबं दर आठवड्याला एकेक कमी होत होती आणि सासूबाईंच्या सरबताचा वास घरभर असूनही त्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. एका रविवारी घाईत मी मसाल्याचा डबा वॉशिंग मशीनमध्ये ठेवला आणि विसरले. सोमवारी त्यावरच कपडे टाकून मशीन लावलं. खडखडाट ऐकू आला तेव्हा उशीर झाला होता. कंपनीचा राखाडी शर्ट हळदीत निघाला. दुसरा शर्ट इस्त्रीला गेलेला, त्यामुळे तोच घालून नवरा कामावर गेला. लाइनवरचे लोक आठ तास विचारत होते, "काय राव, हळद लागली आन् आम्हाला पत्रिका नाही?"

इतकं करून गिऱ्हाइकं यायची, नळ सोडून बघायची आणि जायची. एक गृहस्थ हॉलमध्ये फोटोसमोर थांबले, आमचं आडनाव विचारलं, आणि मी सांगितल्यावर बेडरूम न बघताच "कळवतो" म्हणून जिना उतरले. दार लावताना सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. त्याची चप्पलबी काय धड नव्हती." त्या हसल्या म्हणून मीही हसले, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आणि मग तो रविवार आला. गिऱ्हाईक बाराला येणार होतं. नवरा शिफ्टवरून येऊन, अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून चहा पीत उभा होता, गाडीत झोपायला निघणारच होता. तेवढ्यात एजंटचा फोन आला. "वहिनी, लवकर आलोय. जिन्यातच आहोत."

जिन्यात ते, तर नवरा उतरणार कुठून. दार उघडलं तर एजंट आणि मागे चाळिशीचं एक जोडपं. एजंटने मला मालकीणबाई म्हणून पुढे केलं. बाईंचं लक्ष माझ्या मागे कपबशी धरून उभ्या असलेल्या माणसाकडे गेलं.

"हे कोण?"

एजंटने त्यांना घाई व्हावी म्हणून आधीच एक थाप मारून ठेवलेली असणार, कारण तो न अडखळता म्हणाला, "ही दुसरी पार्टी. म्हटलं होतं ना, अजून एक जण बघताहेत."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी तिथल्या तिथे खरं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. नवऱ्याने कप टीपॉयवर ठेवला आणि भिंतीवर टकटक करून पाहिलं. मग म्हणाला, "किचन बघू का जरा?"

आम्ही सगळे किचनमध्ये गेलो. पाणी प्यायच्या पलीकडे ह्या माणसाचा तिथे कधी संबंध आला नव्हता. तो म्हणाला, "ओटा उंच वाटतो."

"तुमच्या मिसेसना नाही वाटणार," मी म्हटलं. "उंच असतील त्या."

"नाही, बेताच्याच आहेत."

"मग स्टूल घेऊन द्या त्यांना."

"कधी मागितलं नाही त्यांनी."

"मागितलं असेल. तुम्ही झोपला असाल."

जोडप्यातला नवरा कौतुकाने ऐकत होता. इतकी घासाघीस करणारा माणूस त्याने पाहिला नसावा. एजंट घामाघूम झाला होता. आणि नेमक्या त्याच वेळी आतल्या खोलीतून काठीचा आवाज आला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी सगळ्यांवर एकदा नजर फिरवली आणि एका क्षणात त्यांना सगळं समजलं.

"दादा, तुमी काय करता?" त्यांनी स्वतःच्या मुलाला विचारलं.

तो गोंधळला. "मी... कंपनीत आहे. महाळुंग्याला."

"आई हाय का?"

"आहे."

"संबाळता?"

"प्रयत्न करतो."

"मग ह्ये घर घिऊ नगा. म्हातारीला जिना चढवत न्हाई."

"म्हणून तर मोशीला लिफ्टवालं घर बघितलंय," तो बोलून गेला. मग चूक लक्षात येऊन म्हणाला, "म्हणजे तेही बघतोय."

"तिला इचारलं व्हतं का?"

नवऱ्याने लिंबांकडे पाहिलं. बाऊलमध्ये दोनच उरली होती.

"नाही विचारलं," तो म्हणाला.

"इचारायचं व्हतं," सासूबाई म्हणाल्या आणि काठी टेकत परत गेल्या.

जोडपं गेल्यावर नवरा आईच्या खोलीत गेला. मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं, हे कबूल करते. त्याने विचारलं, "आई, येशील का मोशीला?" मग त्या म्हणाल्या, "लिफ्टीत एकटी न्हाई बसायची मी. सुरवातीला कुनीतरी बरुबर पायजे." तो म्हणाला, मी येईन. मग तो गाडीत न जाता तिथेच त्यांच्या पायथ्याशी झोपला.

आता सगळं नीट होईल असं वाटत होतं. गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, बेल वाजली. नवरा बनियन आणि टॉवेलवर, तोंडात ब्रश घेऊन दार उघडायला गेला. दारात तेच जोडपं होतं, एजंटशिवाय. बाईंनी त्याला तशा अवताराने पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"तुम्ही घेतलंसुद्धा?"

नवऱ्याच्या तोंडात फेस होता आणि डोक्यात बहुधा काहीच नव्हतं. त्याने मान हलवली. "हो. झालं."

बाई त्यांच्या नवऱ्याकडे वळल्या. "मी म्हणत होते, त्याच दिवशी टोकन देऊ."

नवरा किचनमध्ये माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "मी घर घेतलं."

"कुणाचं?"

"आपलं."

मी हात पुसत बाहेर धावले, पण सासूबाई माझ्या आधी पोचल्या होत्या. "बसा," त्या पाहुण्यांना म्हणाल्या. "त्यो माझा ल्योक हाय. साळंत जायच्या आदीपास्नं हितंच ऱ्हातोय. जरा येडपट हाय, पन घर चांगलं हाय."

ते दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे निघून जातील, आणि गेले असते तर बरोबरच होतं. पण बाई मटकन सोफ्यावर बसल्या आणि हसायला लागल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेनात. शेवटी म्हणाल्या की त्याही भोसरीतलं घर विकताहेत. त्या घरून जेवणाचे डबे देतात, आणि त्यांच्या एजंटने तो धंदा दिसू द्यायचा नाही म्हणून बजावलंय. "गिऱ्हाईक दिवाणावर बसलं की खालून चाळीस डबे वाजतात. फोडणीचा वास येतो म्हणाले, तर मी सांगितलं, शेजारणीचा आहे. ते शेजारणीकडे डब्याची चौकशी करून आले."

त्यांना इथे घर हवं होतं, कारण त्यांचे डबे घेणारी बरीच कॉलेजची मुलं ह्याच भागात राहत होती. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ओटा खरंच उंच आहे का हो?" मी त्यांना ओट्याशी उभं केलं. त्या माझ्यापेक्षा चार बोटं उंच होत्या, त्यांना तो अगदी कोपरापर्यंत आला.

चहा झाला. मग सासूबाईंनी घराच्या सगळ्या खोड्या सांगितल्या. किचनच्या खिडकीतून पावसाळ्यात पाणी आत येतं. बेडरूमच्या दाराची कडी उचलून लावावी लागते. वरची बाई रोज सकाळी सहाला चटणी कुटते. मी डोळ्यांनी खुणा करत होते आणि त्या तिकडे बघत नव्हत्या. पाहुण्या बाई सगळं शांतपणे ऐकून म्हणाल्या, "सहाला माझी कणीक मळून झालेली असते." व्यवहार तिथेच ठरला.

एजंटला आम्ही सगळं खरं सांगितलं. तो चिडला नाही, उलट पेढे घेऊन आला. फोटोसमोर जाऊन त्याने पेढा ठेवला, जरा अवघडून, आणि सासूबाईंनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. निघताना दारात घुटमळून तो माझ्या नवऱ्याला म्हणाला, "दादा, एक विचारू? पिंपळे गुरवला एक फ्लॅट अडकलाय. एखाद्या रविवारी दुसरी पार्टी म्हणून याल का? नाष्टा माझ्याकडे."

नवऱ्याने नकार दिला. मला वाटतं, मी समोर नसते तर दिला नसता.

"न्हाई म्हंजे न्हाई," सासूबाईंनीही सांगितलं. आणि एजंट चपला घालून अर्धा जिना उतरल्यावर त्यांनी कठड्याला धरून खाली विचारलं, "तितं लिफ्ट हाय का रं?"