बंधाऱ्याखालचा ग्लास

२००६ सालचा एक रविवार. मी, बायको आणि दोन मुली चेन्नईबाहेरच्या एका लहान मातीच्या धरणावर बोटिंगला गेलो होतो. बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी झिरपताना दिसलं, म्हणून मी तिकिटं काढायचा थांबलो. तिथला म्हातारा रखवालदार त्या धारेखाली काचेचा ग्लास भरून, एक डोळा मिटून उन्हात निरखत होता.

"धरण गळतंय?" मी तमिळमध्ये विचारलं.

"मातीचं धरण थोडं गळणारच, सार. गढूळ आलं म्हणजे आतली माती वाहतेय, मग पळायचं. हे बघा, स्वच्छ!"

"रोज बघता?"

"तीनदा. तपासणीचे साहेब वर्षातून एकदा येतात. त्यांचं घर तिकडे शहरात, मैलापूरला; माझं इथंच धरणाखाली."

मुली हसल्या. इतका खात्रीचा दाखला मला कुठल्या कचेरीत मिळाला नसता. चार तिकिटांचे ऐंशी रुपये मी खिडकीतल्या बाईंना दिले.