पाण्याखालचा कळस

मालवणच्या होडीत नातीने माझ्या तोंडावर काचेचा मुखवटा चढवला आणि उन्हात तापलेल्या रबराचा उग्र वास नाकात शिरला. खाली प्रवाळ होते, रंगीत मासे होते. तेच तर बघायला आलो होतो. पण त्या वासाने मला पन्नासाहून अधिक वर्षं मागे, भोरजवळच्या धरणावर नेऊन सोडलं.

लग्नाला आठच दिवस झाले होते. हे कापूरहोळच्या फाट्यावर सायकलींची पंक्चर काढायचे. अंगाला कायम ट्यूबचा वास. सासरचं जुनं गाव धरणात बुडालेलं. रीत अशी, की नव्या नवऱ्याने बुडालेल्या देवळाच्या कळसाला हळदीचं फडकं बांधायचं. वैशाखातली लग्नं नशीबवान. पाणी ओसरलेलं असतं, चालत जावं. आमचं लग्न मार्गशीर्षातलं, कळस दोन पुरुष खोल पाण्याखाली! ह्यांनी ट्यूब कापून, तिला काच बसवून चष्मा केला होता. तो डोळ्यांवर ओढून ते होडीतून उतरले.

"त्यो वर येईस्तवर तूबी श्वास धर, सूनबाई," सासूबाई म्हणाल्या. "नवरीच्या श्वासावरच नवरा वर येतुया."

धरला. माझं माहेर वेल्ह्याच्या डोंगरातलं. पाणी म्हणजे झऱ्याखाली लावलेली कळशी, एवढीच ओळख. इथे हिरवं पाणी ह्यांच्यावर मिटलं, बुडबुडे आले, मग तेही थांबले. छाती फुटायला आली. आणि, सांगायलाही लाज वाटते, माझा श्वास सुटला. सासूबाईंच्या ते लक्षातही आलं नाही. पाणी तसंच गप्प होतं. आता हे वर येत नाहीत, आणि ते माझ्यामुळे, एवढंच मला कळत होतं. अंगावरची हळदही अजून उतरली नव्हती.

मग होडीच्या पलीकडून डोकं वर आलं. ओठ निळे, चेहऱ्यावर हसू. "लई मासं हाइत गं! देवळात शिरत्यात, भाईर येत्यात. बघतच ऱ्हायलो."

मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. श्वास सुटल्याचं तर कधीच सांगितलं नाही, आणि आता ऐकायला हे राहिले नाहीत.

शेवटी मालवणच्या पाण्यात उतरून, होडीचा दोर घट्ट धरून, श्वासाची नळी दातांत आवळून मी तोंड बुडवलं. प्रवाळाच्या भेगांतून पिवळे मासे आत शिरत होते, बाहेर येत होते, माहेरी आल्यासारखे निवांत. नळीतून माझा श्वास आपसूक येत होता, जात होता. एवढ्यासाठीच ना हो थांबला होतात?

कोणीतरी खांदा हलवला. वर आले तर नात रडवेली. "आजी, किती वेळ! घाबरले ना मी!"

"लई मासं हाइत गं," मी म्हणाले. "बघतच ऱ्हायले."