माझ्या हळदीतला पुरावा

दादा मुंबईत वेल्डिंगचं काम करायचा. त्याच्या खोलीतला सोबती दहशतवादाच्या खटल्यात पकडला गेला आणि चार दिवसांनी पोलिसांनी दादालाही उचललं. नव्वद दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर सुटेल, या आशेवर आम्ही गावी, साखरशेतला, दिवस मोजले. कोर्टाने मुदत वाढवून दिली, एकशे ऐंशी दिवस. पुढे जामीनही नाही. अशी तीन वर्षं गेली.

तो सोबती माफीचा साक्षीदार झाला. म्हणजे गुन्हा कबूल करायचा, इतरांची नावं घ्यायची आणि स्वतः सुटायचं. त्याने सांगितलं, अमुक संध्याकाळी दादाने मुंबईत स्फोटकांची पिशवी पोचवली.

तारीख ऐकून मी आमच्या वकीलबाईंच्या कचेरीतच किंचाळले, "अहो, ती माझी हळद!"

माझ्या मोबाईलमधली गावच्या हळदीची चित्रफीत रीतसर तपासून कोर्टात लावली. पडद्यावर माझी पिवळी साडी नेसलेला, गालाला हळद फासलेला दादा तारप्याच्या सुरावर गोल गोल फिरत होता. फिरता फिरता तो चिखलात बसला आणि बसल्या बसल्या नाचत राहिला. न्यायाधीशांनी तोंडापुढे कागद धरला. आरोपीच्या पिंजऱ्यात दादाने मान खाली घातली.

मी साक्षीला उभी होते. सरकारी वकिलांनी विचारलं, "साडी नेसलेला इसम तुमचा भाऊच कशावरून?"

"साडी माझी अन् नाच त्याचा, साहेब. असा नाच दुसऱ्या कुणाला येत नाही."

मागून बाबा ओरडले, "माझाच पोर हाय तो!" शिपायाने त्यांना बाहेर काढलं, पण काढताना तोही हसत होता.

निकालात लिहिलं होतं, गुन्ह्यातल्या साथीदाराच्या शब्दाला बाहेरचा आधार लागतो. इथे आधार नाहीच, उलट तो शब्द खोटा ठरवणारा पुरावा आहे. दादा निर्दोष.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला जीपने घरी नेत होतो. जव्हारच्या घाटात त्याने गाडी थांबवायला लावली, उतरला आणि रस्त्याने पळत सुटला.

"अरे, कुठं चाललास?" मी ओरडले.

"कुठंच नाही!"

बाबा चपला हातात घेऊन त्याच्यामागे धावले. मग मीही.